विजयदुर्गची पिवळी रेघ आणि न दिसणारे द्रव्य

विजयदुर्ग किल्ल्यात काही जुने ओटे आहेत. गावात त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्यांचे नाते सांगितले जाते आणि त्या तारखेला तेथे हेलियम दिनही साजरा होतो. नॉर्मन लॉकयर यांनी याच ओट्यांवरून हेलियम शोधला, ही गोष्ट सिंधुदुर्गातील पुष्कळ मुलांना पाठ असते. पण त्या दिवशी लॉकयर भारतात नव्हते. ग्रहणाचा खग्रास पट्टा कोकणातून पूर्वेकडे गेला. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून निरीक्षणे केली. लॉकयर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच सूर्यज्वालांचा वर्णपट पाहिला.

म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही. खरा इतिहास वर्गात अधिक उपयोगी पडतो.

ज्योतीत मीठ टाकले की ती पिवळी होते. सोडियमच्या वर्णपटात ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला दोन रेघा असतात. सूर्याभोवती दिसलेली पिवळी रेघ त्यांच्या शेजारी, ५८७.६ ला होती. ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. हे नवे मूलद्रव्य असावे, असे लॉकयर यांनी सुचवले. अनेकांना ते पटले नाही. १८९५ मध्ये रॅम्झी यांना एका युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ सापडली. आकाशातली खूण प्रयोगशाळेत यायला २७ वर्षे लागली.

याला एक जोडकथा आहे. १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडळात हिरवी रेघ दिसली. तिच्यासाठीही ‘कोरोनियम’ हे मूलद्रव्य कल्पिले गेले, पण ते कोठेच सापडले नाही. १९४० च्या सुमारास उलगडा झाला : ते साधे लोखंडच होते, अतितप्त प्रभामंडळात १३ इलेक्ट्रॉन गमावलेले. दोन्ही खुणा सारख्याच. पण एकीमागे नवे द्रव्य निघाले, दुसरीमागे जुन्याच द्रव्याची अनोळखी अवस्था.

आज आपण अशाच एका खुणेपुढे उभे आहोत. १९३३ मध्ये झ्विकी यांना कोमा दीर्घिकासमूहातील दीर्घिका फार वेगाने फिरताना आढळल्या. दिसणाऱ्या द्रव्याचे गुरुत्वाकर्षण त्यांना बांधून ठेवायला पुरे पडत नव्हते. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांच्या मोजणीने हा संशय बळावला. आजच्या हिशेबाने हे कृष्णद्रव्य नेहमीच्या द्रव्याच्या सुमारे पाचपट आहे. मग हे हेलियम की कोरोनियम? नवा कण आहे, की गुरुत्वाकर्षणाविषयीची आपली समजच अपुरी आहे? नवा कण असेल, तर तो प्रयोगशाळेत निर्माण करता येईल का, हे जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या कोलायडरमध्ये पाहिले जाते.

न दिसणारा कण पकडायचा कसा? कॅरमच्या मध्यावरची रास फुटून सगळ्या सोंगट्या एकाच बाजूला गेल्या, तर दुसऱ्या बाजूला न दिसणारे काहीतरी गेले असले पाहिजे. प्रोटॉन समोरासमोर येतात, तेव्हा आडव्या दिशेने त्यांचा एकूण संवेग जवळजवळ शून्य असतो. टकरीनंतर तो जुळला नाही, तर काहीतरी निसटले. पण न्यूट्रिनोही असेच निसटतात. म्हणून अशा टकरी किती अपेक्षित आहेत आणि किती जास्त दिसल्या, हे मोजावे लागते.

त्यासाठी सैद्धांतिक प्रारूपे, म्हणजे मॉडेल्स, लागतात. १९८३-८४ पासून महासममितीतील न्यूट्रलिनो हा आवडता उमेदवार होता. मात्र त्या सिद्धांतात ठरवायच्या राशी फार. २०१० च्या सुमारास मधल्या दुव्याचा तपशील सोडून देणारी प्रारूपे आली. पण कोलायडरच्या ऊर्जेत तो दुवा स्वतःच निर्माण होऊ शकतो. तेथे ती फसतात. म्हणून २०१५ च्या सुमारास साधी प्रारूपे रूढ झाली : एक कृष्णकण, एक दुवा-कण, दोघांची वस्तुमाने आणि दोन जोडबळे.

हिग्ज कण हाही असा दुवा असू शकतो. पुण्यात जन्मलेल्या, मुंबई विद्यापीठात व नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवलेल्या रोहिणी गोडबोले (१९५२-२०२४) यांनी २००१ मध्ये, हिग्ज सापडण्याच्या ११ वर्षे आधी, सहकाऱ्यांसह हिशेब मांडला होता : हिग्जचे विघटन अदृश्य न्यूट्रलिनोंत झाले, तर ते कृष्णद्रव्याच्या प्रमाणाशी जुळेल का? २०२३ मध्ये ॲटलास प्रयोगाने अशा अदृश्य विघटनांवर सुमारे ११ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली.

कृष्णकण अजून सापडलेला नाही. तरीही प्रत्येक मर्यादा काही प्रारूपे बाद करते, आणि कोरोनियम ‘न सापडणे’ हीसुद्धा ज्ञानाचीच वाट होती. येत्या १८ ऑगस्टला मुलांना ओट्यांची गोष्ट अवश्य सांगावी, पण लॉकयर यांना इंग्लंडमध्येच ठेवून. आणि हिरव्या रेघेची गोष्टही सांगावी, असे आम्हाला वाटते. खुणेवरून तर्क करणे आणि तो तर्क तपासायला तयार असणे, ही दोन्ही कामे मुलांना त्यातून एकदमच कळतील.