जुनी मापे आणि नवे जाळे

घाटकोपर स्थानकात उभे राहून पाहावे. खाली साडेपाच फुटी मापाचे रूळ आहेत. हे माप १८५३ सालच्या बोरीबंदर-ठाणे मार्गाबरोबर आले. वर २०१४ साली सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावते, तिचे माप १४३५ मिलिमीटर. उतारू जिना चढून गाडी बदलतो. परंतु एकीची गाडी दुसरीच्या रुळांवर कधी जाणार नाही.

विजेचेही तसेच. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धावली, ती १५०० व्होल्टच्या डीसी प्रवाहावर. पुढे २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह किफायतशीर ठरला, तरी पालट पुरा व्हावयास पश्चिम रेल्वेवर २०१२, मध्य मार्गावर २०१५ आणि हार्बरवर २०१६ साल उजाडले. तारा, उपकेंद्रे, गाड्या ही सारी एकमेकांशी बांधलेली. आणि लोकल तर एक दिवसही बंद ठेवता येत नाही. मधल्या काळात दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्यांनी वेळ निभावली.

संगणकांच्या जाळ्याची कथा हीच होय. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेटने जुनी बोली टाकून नवी स्वीकारली. यंत्रे काही शेकडाच होती, म्हणून ते साधले. त्या बोलीत पत्ते सुमारे ४३० कोटी. ते पुरेनात, म्हणून १९९०च्या दशकात अफाट पत्त्यांची सहावी आवृत्ती निघाली. परंतु चौथीला ती थेट समजत नाही. म्हणून आजही दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. शिवाय एका पत्त्याआड अनेक यंत्रे बसविण्याची युक्ती निघाली. चाळीचा पत्ता एक, खोल्यांची वाटणी आत!

यास कोणी निव्वळ आळस म्हणतील. आम्ही शाळेत थोडके शिकलो. उरलेले कारखान्यांच्या दारांत आणि रात्रीच्या वाचनालयात. तेथे आम्हांस एवढे कळले, की जुने माप टिकते ते अनेकांचे पोट व प्रवास त्यावर चालतो म्हणून. पालट हवाच, पण तो चालत्या गाडीत करावयाचा असतो.

यंत्रांना आपण दोन्ही प्रवाह पेलण्याची सोय करून दिली, तिचा खर्चही सोसला. मग जुन्या मापावर हात बसलेल्या कामगाराला नवे शिकण्यास पगारी अवधी देताना हात आखडता का घ्यावा? रुळांना जी सवलत, ती माणसाला नको काय?