सेगावचे टपाल शेगावला

३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. जमनालाल बजाज यांची तिथे जमीन होती. गांधीजींच्या शिष्या मीराबेन आधीच येऊन राहिल्या होत्या. गाव लहानसेच, पण गांधीजींच्या मागोमाग देशोदेशीची पत्रे येऊ लागली आणि घोटाळा सुरू झाला.

विदर्भातच, बुलढाणा जिल्ह्यात, गजानन महाराजांचे शेगाव होते. रेल्वे स्टेशनचे, नावाजलेले गाव. इंग्रजी पत्त्यात दोन्ही नावांत फरक जेमतेम एका अक्षराचा. सेगावची पत्रे तिकडे जाऊ लागली.

माघार कोणी घ्यायची? नावाजलेले शेगाव शेगावच राहिले. १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. गांधीजींच्या छापील पत्रशीर्षावर ‘सेवाग्राम, व्हाया वर्धा’ असा पत्ता येऊ लागला.

आज चॅटरूममध्ये दोघांनी एकच टोपणनाव मागितले, तर बरेचदा मागून आलेल्याच्या नावाला आकडा चिकटतो. टपाल खात्याने आकड्यांचा हा उपाय १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोडच्या रूपाने देशभर लागू केला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृत कवीही होते. सेवाग्रामचा पिनकोड ४४२१०२, शेगावचा ४४४२०३.