धुलाई यंत्रातील मोटार व स्पिन यंत्रणेचे दोष

कपडे धुण्याच्या विद्युत यंत्रातील मोटार सुरू न होणे, ती केवळ गुणगुणणे, ड्रम मंद फिरणे, यंत्र जोरात हादरणे किंवा कपड्यांतील पाणी पुरेसे न निघणे, या बिघाडांना एकत्रितपणे मोटार व स्पिन यंत्रणेचे दोष असे म्हणता येते. ड्रम फिरला नाही की मोटार जळाली असे सर्वसाधारणपणे समजले जाते. प्रत्यक्षात असमतोल भार, तुंबलेला निचरा, सैल ब्रेक-तार, निकामी कपॅसिटर किंवा कमी विद्युतदाब यांमुळेही हीच लक्षणे दिसतात. त्यामुळे तपासणी बाहेरून आत, म्हणजे सोप्या व स्वस्त कारणांकडून मोटारीकडे नेणे हे निदानाचे मुख्य तत्त्व आहे.

स्थानिक परिस्थिती

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा ही शहरे अनुक्रमे भोगावती आणि कुंडलिका या नद्यांच्या काठी वसलेली आहेत. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात पडतो. या महिन्यांत हवा दमट असल्याने नुसते पिळून वाळत घातलेले कपडे दिवसेंदिवस ओले राहतात; म्हणून यंत्राच्या धुलाईपेक्षाही स्पिनची उपयुक्तता येथे अधिक जाणवते. दमट हवेमुळे स्विचचे संपर्कबिंदू, तारांची टोके आणि बेअरिंग लवकर गंजतात. धरमतर खाडीलगतच्या खारेपाटात हवेतील क्षारांमुळे हा परिणाम वाढतो. वादळी पावसात वीजपुरवठा खंडित होणे व दाब कमी-जास्त होणे हेही मोटारीला त्रासदायक ठरते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर कोसळून जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती.

रचना

*अर्धस्वयंचलित यंत्र:* यात धुण्याचा टब व स्पिनचा टब वेगळे असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र मोटार असते. दोन्ही मोटारी एकफेजी प्रवर्तन प्रकारच्या असून त्यांच्या जोडीला कपॅसिटर असतो. बाजारात त्याला ‘कंडेन्सर’ असेही म्हणतात. धुण्याची मोटार पट्ट्याच्या साहाय्याने पाते फिरवते व ठरावीक अंतराने दिशा बदलते. स्पिनची मोटार ड्रमच्या दांड्याला थेट जोडलेली असते. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर चार ध्रुवांच्या मोटारीचा समकालिक वेग मिनिटाला १,५०० फेरे असल्याने ड्रम त्यापेक्षा किंचित कमी वेगाने फिरतो. झाकण उघडताच एक स्विच मोटारीचा पुरवठा तोडतो आणि झाकणाला जोडलेली तार सैल होऊन ब्रेक लागतो.

*वरून कपडे टाकण्याचे पूर्ण स्वयंचलित यंत्र:* यात एकच मोटार पाते व ड्रम दोन्ही फिरवते. त्यांतील बदल क्लच करतो. अनेक यंत्रांत निचऱ्याची झडप उघडणे आणि क्लच सरकवणे ही दोन्ही कामे एकच छोटी मोटार करते. ती बिघडल्यास पाणीही जात नाही व स्पिनही होत नाही.

*समोरून कपडे टाकण्याचे यंत्र:* यातील जुन्या प्रकारांत कार्बन ब्रश असलेली मोटार व पट्टा, तर नव्या प्रकारांत इलेक्ट्रॉनिक मंडलाने नियंत्रित होणारी इन्व्हर्टर मोटार असते.

निदानाचा क्रम

१. *भार:* एकच जड चादर किंवा गोधडी ड्रमच्या एका बाजूस साचली असता यंत्र हादरते. पूर्ण स्वयंचलित यंत्र अशा वेळी स्पिन स्वतःहून थांबवते. कपडे मोकळे करून सर्व बाजूंना सारखे पसरावेत. अर्धस्वयंचलित यंत्रात कपड्यांवर ठेवायची प्लॅस्टिकची चकती वगळल्यास मोजा किंवा रुमाल उडून ड्रम व टब यांच्यामध्ये अडकतो.

२. *निचरा:* टबात पाणी शिल्लक असल्यास ड्रमला त्याचा अवरोध होतो. पाण्याची पातळी जाणणाऱ्या यंत्रात तर पाणी गेल्याशिवाय स्पिन सुरूच होत नाही. नळी दुमडली आहे का, तिचे टोक फार उंच आहे का आणि पंपाची गाळणी नाणी, बटणे किंवा धाग्यांनी भरली आहे का, हे पाहावे.

३. *विद्युतदाब:* घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. प्रवर्तन मोटारीचे पीळबल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब १८० व्होल्टपर्यंत उतरल्यास पीळबल सुमारे ६१ टक्केच उरते व भरलेला ड्रम हलत नाही. पंखे मंद फिरत असतील, तर दाब सुधारेपर्यंत यंत्र बंद ठेवावे. जागीच गुणगुणणारी मोटार लवकर तापून जळते.

४. *झाकण व ब्रेक:* झाकणाचा स्विच न जुळल्यास मोटार पूर्णपणे शांत राहते. ब्रेकची तार सैल झाल्यास किंवा तुटल्यास ब्रेक सुटत नाही व मोटार गुणगुणते. प्लग काढून मागील पत्रा उघडावा, झाकण बंद ठेवावे आणि मोटार व ड्रम यांमधील जोड हाताने फिरवावा. तो सहज फिरला पाहिजे.

५. *पट्टा, सील व बेअरिंग:* मोटार फिरते पण पाते फिरत नाही, तेव्हा पट्टा सैल झालेला, घसरलेला किंवा तुटलेला असतो. स्पिनच्या दांड्याभोवतीचे रबरी सील फाटल्यास पाणी थेट खालच्या मोटारीवर ठिबकते. खरखर आवाज व ड्रमची बाजूला होणारी हालचाल ही बेअरिंग किंवा बुश झिजल्याची चिन्हे आहेत.

६. *तारा:* अनेक यंत्रांचा तळ मोकळा असल्याने उंदीर आत शिरून तारा कुरतडतात. तुटलेली तार नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळणे धोक्याचे असते. योग्य जोड देऊन तो पाण्यापासून दूर उंचावर बांधावा.

कपॅसिटर व मोटारीची चाचणी

ड्रम मोकळा फिरत असूनही मोटार केवळ गुणगुणत असेल, तर कपॅसिटरवर संशय घ्यावा. चालू यंत्रात ड्रमला हाताने धक्का देऊन मोटार सुरू होते का हे पाहण्याची पद्धत प्रचलित आहे. परंतु ड्रम एकदम वेग घेऊन बोटे किंवा मनगट मोडू शकते, म्हणून ती टाळावी. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये प्रभार राहू शकतो. त्याची दोन टोके सुमारे २० किलोओहमच्या रोधकाने काही सेकंद जोडून तो निष्प्रभारित करावा, तारा सोडवाव्यात व मल्टिमीटरच्या मायक्रोफॅरड श्रेणीवर मोजावा. मोजलेले मूल्य वेष्टनावरील मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी असल्यास कपॅसिटर बदलावा. फुगलेला किंवा गळणारा कपॅसिटर न मोजताच बदलावा. नव्या कपॅसिटरचे मायक्रोफॅरड मूल्य तेवढेच आणि व्होल्ट क्षमता तेवढी किंवा अधिक असावी.

मोटारीतून साधारणतः तीन तारा निघतात. तीन जोड्यांपैकी सर्वांत मोठा रोध हा उरलेल्या दोन रोधांची बेरीज असतो. उदाहरणार्थ, दोन जोड्यांत ३० व ४५ ओहम आढळल्यास तिसऱ्या जोडीत सुमारे ७५ ओहम अपेक्षित आहे. एखाद्या जोडीत परिपथ खुला आढळल्यास वेटोळे तुटलेले असते किंवा आतील तापरक्षक उघडलेला असतो. मोटार काही मिनिटे चालून थांबते व थंड झाल्यावर पुन्हा चालते, तेव्हा हाच तापरक्षक काम करीत असतो. अतितापाचे कारण मात्र शोधावे लागते. वेटोळे व धातूचे कवच यांमध्ये मल्टिमीटरने कोणतेही वहन दिसू नये. ५०० व्होल्टच्या मेगरवर हा रोध एक मेगओहमपेक्षा कमी आल्यास मोटार वापरू नये.

पुरात भिजलेले यंत्र

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत रायगड जिल्ह्यात मोठे पूर आले होते. पुराचे पाणी शिरलेल्या घरातील यंत्र पाणी ओसरल्यावर ‘चालते का’ हे पाहण्यासाठी लगेच सुरू करणे हे सर्वांत धोकादायक कृत्य ठरते. चिखल व क्षार वीज वाहून नेतात, आणि बाहेरून कोरडे दिसणारे वेटोळे आतून ओले असू शकते. सॉकेट ओले असल्यास आधी घराचा मुख्य स्विच बंद करावा. यंत्र गोड्या पाण्याने स्वच्छ करून, उघडून अनेक दिवस वाळवावे. मोटारीची मेगर चाचणी समाधानकारक आल्यावरच त्याला वीज द्यावी. इलेक्ट्रॉनिक मंडल भिजले असल्यास ते जाणकाराकडे द्यावे.

सुरक्षितता

काम सुरू करण्यापूर्वी केवळ स्विच बंद करणे पुरेसे नाही. वायरिंगमध्ये फेज व न्यूट्रल उलटे जोडलेले असल्यास स्विच बंद असतानाही यंत्रात वीज राहते. म्हणून प्लग बाहेर काढावा. यंत्र तीन पिनांच्या सॉकेटवर, खऱ्या अर्थिंगसह वापरावे. पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर यंत्र त्वरित बंद करावे. ३० मिलिअँपिअरचा गळतीरक्षक स्विच बसवल्यास जीवघेण्या धक्क्याची शक्यता बरीच कमी होते; मात्र तो अर्थिंगला पर्याय नाही. झाकण उघडल्यावरही ड्रम फिरत राहत असेल, तर ब्रेक दुरुस्त होईपर्यंत स्पिन वापरू नये व मुलांना यंत्राजवळ जाऊ देऊ नये. झाकणाचा स्विच कायमचा जोडून टाकणे हा दुरुस्तीचा मार्ग नव्हे.

घरगुती दुरुस्तीची मर्यादा

गाळणी साफ करणे, पट्टा ताणणे किंवा बदलणे, ब्रेकची तार जुळवणे आणि कपॅसिटर बदलणे ही कामे काळजीपूर्वक घरी करता येतात. सील, बेअरिंग व क्लच यांसाठी विशेष अवजारे लागतात. जळालेली मोटार पुन्हा गुंडाळून घेता येते; परंतु लहान मोटारीच्या बाबतीत नव्या मोटारीची किंमत आधी विचारून घेणे इष्ट असते. इन्व्हर्टर मोटारीच्या मंडलात प्लग काढल्यावरही सुमारे ३२५ व्होल्टचा प्रभार काही काळ राहू शकतो. त्यामुळे त्याची दुरुस्ती प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करावी. दुरुस्तीपलीकडे गेलेले यंत्र १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ च्या कक्षेत येते. ते उघड्यावर न टाकता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पोहोचेल असे पाहावे.