शिखरिणीतली साखर

जयपूरच्या वायव्येस, सीकरकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागून आणि विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राच्या शेजारी, मुरलीपुरा नावाची जी वस्ती आहे, तिच्यात राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबाला चैत्र जवळ आला की एक जुनीच विवंचना पडते. पाडव्याच्या श्रीखंडाचे दही आदल्या रात्री उघड्यावर टांगावे, तर येथील कोरड्या उष्म्यात ते सकाळपर्यंत आंबटढोण होण्याचे भय असते. आणि न टांगावे, तर पाडवा पाडव्यासारखा वाटत नाही. गेल्या काही वर्षांत तिच्यात दुसरीची भर पडली आहे. माझ्या रक्तातील साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी गोडाला मनाई केली, आणि त्याच सुमारास वस्तीतल्या दुकानांच्या शीतकपाटांत ‘ग्रीक योगर्ट’ या नावाच्या लहान लहान डब्या दिसू लागल्या. एक साधी, बाकीच्या आंब्याच्या, स्ट्रॉबेरीच्या, मधाच्या स्वादाच्या. साधी घ्यावी की स्वादाची, एवढाच घरातला प्रश्न होता. परंतु त्याचा मागोवा घेताना माझ्या ध्यानी आले, की या प्रश्नाचे दप्तर हजार वर्षांहून जुने असून त्यातील पुष्कळसे कागद आपल्याच घरचे आहेत.

ज्याला आज ग्रीक योगर्ट म्हणतात, तो पदार्थ म्हणजे पाणी निथळून घट्ट केलेले दही, अर्थात आपला चक्का. विरजण लावून रात्रभर लागलेले सायीचे दही धुतलेल्या पातळ मलमलीच्या फडक्यात बांधायचे, खुंटीला अडकवायचे, खाली पातेले ठेवायचे आणि आठ-दहा तास त्याच्याकडे पाहायचे नाही, एवढीच त्याची कृती. पातेल्यात जी हिरवट-पिवळी निवळी उतरते, तिच्याबरोबर दुधातली स्वाभाविक साखर, म्हणजे दुग्धशर्करा, बरीचशी वाहून जाते. आणि दह्यातील प्रथिने व स्निग्धांश मात्र फडक्यातच राहतात. दुधात शेकडा पाचाच्या आसपास असणाऱ्या या शर्करेचा काही भाग विरजणातील जिवाणू आधीच आम्लात रूपांतरित करतात, म्हणून साध्या घट्ट दह्याच्या शंभर ग्रॅमांत ती तीन-चार ग्रॅम उरते, आणि प्रथिने मात्र साध्या दह्याच्या दुपटी-अडीचपटीने, आठ ते दहा ग्रॅमांपर्यंत चढतात. आमच्या आजीला यातले एकही अंक ठाऊक नव्हते. तथापि निवळी ती कधी मोरीत ओतत नसे. तिने कणीक मळीत असे किंवा कढीत घालीत असे, आणि त्या पोळ्यांना येणारी मऊ, किंचित आंबूस चव मला आजही आठवते.

‘ग्रीक’ या विशेषणाने मला जयपुरातल्याच एका मराठी माणसाचे स्मरण होते. सवाई जयसिंहाने १७२७ साली हे नगर वसविले, त्याच्या पदरी जगन्नाथ सम्राट् नावाचे जे महाराष्ट्रीय ज्योतिषी होते, त्यांनी युक्लिडाचे भूमितिशास्त्र आणि टॉलेमीचा खगोलग्रंथ हे दोन ग्रीक ग्रंथ अरबी भाषांतरांवरून संस्कृतात आणले. पहिला ‘रेखागणित’ या नावाने विख्यात झाला, दुसरा ‘सम्राट् सिद्धान्त’ या नावाने. राजाचे गुरू रत्नाकर पौंडरीक हेही महाराष्ट्रीयच, आणि नाहरगडाच्या पायथ्याशी असलेल्या ब्रह्मपुरीत त्यांच्या घराण्याची हवेली आजही दाखवितात. मराठी माणूस या शहरात पुढे चौथाईच्या वसुलीसाठी फौज घेऊनही आला आणि १७५१ च्या जानेवारीत येथे त्याचे रक्तही सांडले; परंतु त्याचा पहिला प्रवेश पोथी घेऊन झाला, ही गोष्ट मला मोलाची वाटते. ग्रीकांची विद्या अरबांच्या हातून मराठी पंडिताकडे पोचली, तेव्हा तिला संस्कृत नाव द्यावे लागले. ग्रीकांचे दही अमेरिकेच्या वाटेने आमच्या दुकानात आले, तेव्हा त्याला नाव देण्याची गरजच नव्हती. ते चक्का या रूपाने मराठी स्वयंपाकघरात केव्हापासून नांदत होते.

आणि साखरेचा प्रवास तर याच्या नेमका उलटा आहे. सिकंदराचा नौसेनापती निआर्कस याने मधमाश्यांवाचून मध देणाऱ्या भारतातील वेतांचे वर्णन केले होते. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने भारतातील या घट्ट मधाची नोंद केली, ती आपल्याच ‘शर्करा’ शब्दाच्या अपभ्रष्ट रूपाने. साखर आपण त्यांना दिली आणि घट्ट दह्याचे नाव त्यांनी आपल्याला दिले, अशी ही देवघेव आहे.

या दोहोंचा संयोग आपल्याकडे जुना आहे. संस्कृत पाकशास्त्रात आणि वैद्यकात ‘शिखरिणी’ अथवा ‘रसाला’ या नावाने जो पदार्थ वर्णिला आहे, त्यालाच श्रीखंडाचा पूर्वज मानतात. ‘श्रीखंड’ हा शब्द संस्कृतात चंदनाचा वाचक. पैठणला नाथांच्या घरी पाणी भरणाऱ्या आणि चंदन उगाळणाऱ्या श्रीखंड्याची कथा मराठी माणसाला सांगावी लागत नाही. चंदनाच्या उटीसारखा गुळगुळीत, शीतल आणि सुगंधी, म्हणून हे नाव या पक्वान्नाला पडले असावे, असे मला वाटते. सोळाव्या शतकातील भावमिश्राने ‘भावप्रकाश’ या ग्रंथात रसालेची कृती प्रमाणांसह दिली आहे, आणि माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने ती फार बोलकी आहे. म्हशीचे आंबट, पाणी काढलेले दही एक आढक. शुभ्र साखर दोन प्रस्थ. ती थोडी थोडी घालीत स्वच्छ वस्त्रातून दुधासह गाळून घ्यावी आणि तीत वेलची, लवंग, कापूर व मिरे मिसळावे, असा तिचा तपशील आहे. चार प्रस्थांचा एक आढक होतो. म्हणजे साखर दह्याच्या निम्मी, आणि सोबतचे भरपूर दूध हिशेबात धरले तर एकंदरीत ती याहूनही पुष्कळ कमी. हा पदार्थ प्रथम भीमाने सिद्ध केला आणि श्रीकृष्णाने तो पुनःपुन्हा आवडीने चाखला, अशी परंपरा तेथेच सांगितली आहे. मुरलीपुऱ्यात राहणाऱ्याने ती सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

येथे एक प्रामाणिक कबुली देणे अवश्य आहे. प्राचीनांचे दही बिनसाखरेचे होते आणि आपणच ते बिघडविले, असे म्हणणे सोपे असले तरी खरे नाही. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त दही नुसते खाऊ नये, मुगाचे कढण, मध, तूप-साखर किंवा आवळा यांच्यासह खावे, असा दंडक घातला आहे, म्हणजे साखर ही तेथे दह्याच्या दोषांवरचा उतारा म्हणून येते. उलट चरकाने प्रमेहाची कारणे सांगताना सुखासीन बैठक आणि निद्रा यांच्या पंक्तीला दही, दूध आणि गुळाचे विकार यांना एकत्र बसविले आहे. दोन्ही वचने परस्परविरुद्ध वाटतात, पण एक प्रकृतिस्थ माणसाला उद्देशून आहे आणि दुसरे रोगाच्या वाटेवरील माणसाला, हे ओळखले की विरोध उरत नाही. वाग्भटाने आणखीही एक निर्बंध घातला आहे: वसंत, ग्रीष्म आणि शरद या ऋतूंत दही खाऊ नये. आता आपल्या श्रीखंडाचे दोन मोठे दिवस पाहावेत. पाडवा वसंतात येतो आणि दसरा शरदात! लोकाचाराने शास्त्राची ही मनाई मोडली खरी, परंतु ती वर्षातून दोन दिवस मोडली, आणि त्या दोन दिवसांना सणाचे नाव देऊन मोडली. माझ्या समजुतीने या सबंध इतिहासाचा कणा येथे आहे. गोड दही हा आपल्याकडे पदार्थ नव्हता, तो प्रसंग होता.

प्रसंगाचा रतीब कसा झाला, हे पाहण्यासाठी स्वयंपाकघरातून बाजारात जावे लागते. दख्खनच्या सामान्य घरात रोजचा गोडवा गुळाचा होता. पांढरी साखर हा कुलुपात ठेवण्याचा जिन्नस होता. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसहून येऊ लागलेली पांढरी साखर ‘मोरस’ या नावाने इतकी रूढ झाली, की ते नाव आमच्या आजीच्या बोलण्यात अखेरपर्यंत होते. पुढे जावा बेटावरील साखरेने बाजारपेठ व्यापली. १९३२ साली सरकारने देशी साखरधंद्याला जकातीचे संरक्षण दिले आणि देशात कारखान्यांची संख्या झपाट्याने वाढली. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला, तेव्हा साखर ही महाराष्ट्राच्या राजकारणाचीही भाषा झाली. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. या दोन पुस्तकांच्या दरम्यानच्या साठ वर्षांत साखर दिवाणखान्यातून उतरून फडताळातल्या रोजच्या डब्यात आली. ‘चक्क्याइतकीच साखर’ हे आज घरोघर ऐकू येणारे माप भावमिश्राच्या मापाच्या दुप्पट आहे. ते याच काळात स्थिरावले असावे, असा माझा कयास आहे. आणि त्यात कोणा गृहिणीचा दोष नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या दुर्मिळ असलेली वस्तू सुलभ झाली की हात सैल सुटणे स्वाभाविकच आहे.

दुधाचेही तेच झाले. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली भिलवडीला दुधाचा व्यवसाय थाटला; वारणेच्या खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांनी उसाचा कारखाना आणि दूधसंघ एकाच परिसरात उभे केले, आणि वारणेचे श्रीखंड डब्यांतून दूरदूरच्या शहरांत जाऊ लागले; बडोद्याच्या सुगम डेअरीने तर फडक्याची जागा यंत्राला दिली, आणि जी निवळी रात्रभर थेंब थेंब गळे, ती चक्रगतीने क्षणार्धात वेगळी होऊ लागली. हा उद्योग मी कौतुकानेच पाहतो. या यंत्रांवाचून मुरलीपुऱ्यातल्या माणसाला दसऱ्याचे श्रीखंड मिळाले नसते. मात्र कायद्याने श्रीखंडाची जी व्याख्या केली आहे, ती प्रत्येकाने एकदा वाचावी: घनांश शेकडा ५८ हून कमी नसावा, आणि त्या घनांशात साखर शेकडा ७२.५ पर्यंत चालेल. गुणाकार करून पाहिला तर शंभर ग्रॅमांच्या लहान वाटीत बेचाळीस ग्रॅम साखर येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाकाठी वरून घेतलेली साखर पन्नास ग्रॅमांच्या आत, आणि शक्य तर पंचवीस ग्रॅमांच्याही आत ठेवावी. सणाच्या वाटीला हा हिशेब लावू नये, असे मी म्हणेन. रोजच्या वाटीला मात्र तो लावलाच पाहिजे.

युरोपात या दह्याची कथा औषधाच्या दुकानात सुरू होते, हे वाचून मला प्रथम आश्चर्य वाटले. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने दह्यातील जिवाणू ओळखला, मेच्निकोव्ह या शास्त्रज्ञाने दीर्घायुष्याचा संबंध त्याच्याशी जोडला, आणि १९१९ साली बार्सिलोनात आयझॅक कारासो यांनी ‘दानोन’ या नावाने जे दही विकायला आणले, ते पोटाच्या विकारांवरचे पथ्य म्हणून औषधविक्रेत्यांकडे मिळे. ते अर्थातच साधे होते. अमेरिकेत गेल्यावर त्या आंबट चवीला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून १९४७ साली डबीच्या तळाशी स्ट्रॉबेरीचा मुरांबा घालण्याची युक्ती निघाली, आणि एका पिढीत पथ्याचे पक्वान्न झाले. अथेन्समधील १९२६ पासूनच्या फागे या गवळी घराण्याच्या पेढीने १९७५ नंतर गाळलेले दही आपल्या नावाने बांधून विकले; २००७ पासून चोबानीने ते अमेरिकेच्या घराघरांत नेले; आणि २०१५ मध्ये मुंबईत एपिगॅमियाच्या रूपाने ते पुन्हा चक्क्याच्या देशात उतरले. स्वादांच्या यादीसह उतरले, हे ओघानेच आले.

म्हणून दुकानात उभा असताना मी डबीचे नाव वाचत नाही, मागचा तक्ता वाचतो. २०२० च्या नियमांनी तेथे एकूण शर्करा आणि वरून घातलेली शर्करा अशी दोन वेगळी कलमे लिहिणे सक्तीचे केले आहे, आणि गेल्या कित्येक वर्षांत सरकारदरबारी याहून उपयुक्त नोंद झाली असेल असे मला वाटत नाही. साध्या डबीवर पहिल्या कलमात तीन-चार ग्रॅम असतात आणि दुसऱ्यात शून्य. पहिला आकडा दुग्धशर्करेचा, म्हणजे दुधाच्या जन्माचा, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. स्वादाच्या डबीवर पहिला आकडा बहुधा दहाच्या वर जातो, आणि ही वाढ फळापेक्षा साखरेचीच अधिक असते. फळ हवे तर ते घरी चिरून घालता येते. आणि आंबट घट्ट दह्याला गोडाखेरीज सोबतीच नाहीत, असे तर मराठी माणसाने कदापि म्हणू नये. मेतकूट, भाजलेल्या जिऱ्याची पूड, शेंगदाण्याचे कूट, हिंगाची फोडणी, ही मंडळी कोठे गेली? ग्रीक लोक याच दह्यात काकडी किसून, लसूण आणि मीठ घालून जो पदार्थ करतात, तो चाखल्यावर आमच्या घरी सर्वांच्या तोंडी एकच शब्द आला: कोशिंबीर.

पाडव्याला आम्ही दही आता शीतकपाटात टांगतो. फडके तेच, चाळणी खालच्या पातेल्यावर. पहाटे चक्का उतरला की त्याचे दोन भाग होतात. एक पुरणयंत्रातून साखर, केशर आणि चारोळीसह निघतो, भावमिश्राच्या मापाने, म्हणजे चक्क्याच्या निम्म्या साखरेने. पहिल्या वर्षी मुलांनी तो कमी गोड म्हणून नाक मुरडले, दुसऱ्या वर्षी कोणी काही बोलले नाही. दुसरा भाग मीठ-जिरे घालून माझ्या ताटात येतो, आणि त्याच्या शेजारी सणापुरते एक चमचाभर श्रीखंड. तिसऱ्या दिवशी गणगौर असते. शेजारच्या भाभी घेवराचे ताट घेऊन येतात, आणि आमच्याकडून त्यांच्याकडे त्या ताटात जी वाटी जाते, तिच्यात साधा चक्का असतो. कारण त्यांनाही मधुमेह आहे, आणि पुदिना घालून तो बाजरीच्या रोटीबरोबर फार चांगला लागतो, असे त्यांनीच आम्हांला शिकविले.