एका भीतीचा मागोवा: बर्लिन ते दिघी

स्त्री-संप्रेरकांचे उपचार सुरू करू पाहणाऱ्या पारलिंगी स्त्रीला एक इशारा हमखास ऐकावा लागतो: रक्तात गुठळी होईल. या भीतीला आधार आहे, आणि तिला इतिहासही आहे. तो पाहायला आपण आधी बर्लिनला जाऊ. 1856 मध्ये रुडॉल्फ फिरखो यांच्या लेखांचा संग्रह प्रसिद्ध झाला. पायाच्या शिरेत धरलेली गुठळी सुटते, रक्ताबरोबर वाहत जाते आणि फुफ्फुसात अडकते, हे त्यांनी त्यात सविस्तर मांडले. रक्ताचा वेग मंदावणे, शिरेच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताचीच साकळण्याची प्रवृत्ती वाढणे, ही तीन कारणे पुढे त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. यातल्या तिसऱ्या कारणाशी आपल्या कथेचा संबंध आहे.

1929 मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत ॲडॉल्फ बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोन हे इस्ट्रोजेन गटातले स्त्री-संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले. त्याच गटातले, शरीरातले मूळ इस्ट्राडायोल पोटातून घेतले, तर त्याचा मोठा भाग यकृतातच निष्प्रभ होत असे. त्यावरचा तोडगा पुन्हा बर्लिनमध्येच निघाला. 1938 मध्ये शेरिंग कंपनीच्या प्रयोगशाळेत हान्स इनहोफेन आणि वॉल्टर होलवेग यांनी या रेणूला एथिनिल गट जोडला आणि यकृताला सहजासहजी न मोडणारे एथिनिल इस्ट्राडायोल तयार झाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन घडवले. एथिनिलच्या यशात एक मेख मात्र होती. रक्त साकळवणारी आणि साकळणे आवरणारी बहुतेक प्रथिने यकृतातच बनतात. तिथे टिकून राहणारे औषध तो तोल गुठळीच्या बाजूला झुकवते. हे उमगायला पुढची कित्येक वर्षे लागली.

पहिली खूण 1961 मध्ये दिसली. डब्ल्यू. एम. जॉर्डन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'ला एका परिचारिकेची हकिगत कळवली. गर्भाशयाच्या अस्तराच्या आजारासाठी, पुढे गर्भनिरोधक म्हणून गाजलेले औषध घेत असताना तिच्या फुफ्फुसात गुठळी अडकली होती. त्यानंतर पद्धतशीर अभ्यास झाले आणि 1969 मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने गर्भनिरोधक गोळीत 50 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त इस्ट्रोजेन नको, असा सल्ला दिला. दुसरी खूण आज फारशी कुणाला आठवत नाही. चार्ल्स हगिन्स यांच्या 1941 च्या संशोधनापासून प्रोस्टेटच्या कर्करोगावर इस्ट्रोजेन दिले जात होते. अमेरिकी माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासात, रोज 5 मिलिग्रॅम स्टिलबेस्ट्रॉल घेणाऱ्या पुरुषांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढलेले आढळले. त्याचे निष्कर्ष 1967 च्या सुमारास जाहीर झाले.

आता आपण ॲमस्टरडॅमला पोहोचतो. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात पारलिंगी स्त्रियांना रोज 100 मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्राडायोल आणि जोडीला पुरुषी संप्रेरकाला आवरणारे सायप्रोटेरॉन ॲसिटेट दिले जाई. 1989 मध्ये आशेमान, गूरेन आणि एक्लुंड यांनी 303 जणींचा आढावा घेतला. अपेक्षेच्या 45 पट गुठळ्या! 1997 मध्ये 816 जणींच्या आढाव्यात हे प्रमाण 20 पट होते, आणि चाळिशी ओलांडलेल्यांना त्वचेवाटे इस्ट्राडायोल देऊ लागल्यावर तिथे गुठळ्या जवळजवळ थांबल्याची नोंदही होती. त्वचेवाटे गेलेले औषध यकृतावर एकदम भार न टाकता रक्तात मिसळते. 2003 मध्ये त्याच रुग्णालयातल्या रक्तचाचण्यांनी खूण पक्की केली: साकळण्याची प्रवृत्ती एथिनिलने खूप वाढत होती, मूळ इस्ट्राडायोलने फारच कमी. 2018 च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, बहुतेक एथिनिलविना उपचार घेणाऱ्या पारलिंगी स्त्रियांमध्ये, पुरुषांच्या तुलनेत 8 वर्षांत हजारी सुमारे 17 गुठळ्या जास्त आढळल्या. ही जोखीम दुर्लक्षिण्याजोगी नाही. पण ती मोजता येते आणि कमीही करता येते.

दिघीपर्यंत मात्र या प्रवासातला 45 पटींचा पहिला आकडाच पोहोचला. श्रीवर्धन तालुक्यातले हे बंदर राजपुरी खाडीच्या तोंडाशी, जंजिऱ्यासमोर आहे. अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठायची जवळची वाट जंगलजेटी या फेरीबोटीने आगरदांड्याला उतरून मुरूडमार्गे जाते, आणि संप्रेरकांचे तज्ज्ञ बहुधा मुंबईतच भेटतात. अशा किनाऱ्यावरच्या पारलिंगी मुलीला डॉक्टरांनी गुठळीच्या धास्तीने परत पाठवले, तर तिच्यासाठी मेडिकलचे दुकान उघडे असते. आपल्या देशात कितीतरी जणी गर्भनिरोधक गोळ्यांवरच स्वतःचे उपचार करतात. 'माला-डी'च्या पाकिटातल्या प्रत्येक पांढऱ्या गोळीत 30 मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्राडायोल असते. लवकर बदल व्हावा म्हणून तिने रोज तीन-चार गोळ्या घेतल्या, की मात्रा 90 ते 120 मायक्रोग्रॅम भरते. म्हणजे ॲमस्टरडॅमची जुनी मात्रा! ज्या औषधाने ही भीती निर्माण केली, तेच औषध भीतीपोटी नाकारलेल्या मुलीच्या हाती, देखरेखीविना, येऊन पडते.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या नालसा निकालाने आणि 2019 च्या पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षण कायद्याने तिच्या ओळखीला आधार दिला; 2023 मध्ये मुंबईच्या जी.टी. रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी वेगळा कक्ष सुरू झाला. पारलिंगी आरोग्यसेवेच्या 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी एथिनिल इस्ट्राडायोल वापरू नये असेच सांगितले, आणि वय जास्त असेल किंवा आधी गुठळी झालेली असेल तर त्वचेवाटे इस्ट्राडायोल द्यावे असे सुचवले. म्हणून तोलून पाहायचे ते हे: कोणते औषध, कोणत्या वाटेने, किती मात्रेत, वय किती, विडी-सिगारेट आहे का, स्वतःला किंवा घरात कुणाला गुठळी झाली होती का, शस्त्रक्रिया किंवा तासन्‌तास बसून प्रवास होणार आहे का. एकच पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे. हे सारे प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टरही विचारू शकतो. त्याने तिला घाबरवून परत न पाठवता समोर बसवून ते विचारावेत. गेल्या साठ वर्षांत कितीतरी जणींच्या आजारातून आणि काहींच्या मृत्यूतून मिळालेले हे ज्ञान दिघीच्या मुलीच्या हक्काचे आहे.