धाव पूर्ण करणे : प्रेषित पौलाची उपमा आणि बेळगावचा धावपटू



आपल्या भाषेत ‘आरंभशूर’ असा एक नेमका शब्द आहे. आरंभ मोठ्या उत्साहाने करून मध्येच थांबणाऱ्या माणसाला तो चपखल बसतो. जो शेवटपर्यंत जातो त्याच्यासाठी मात्र तितका नेमका शब्द नाही; त्याच्या कृतीसाठी आपण ‘तडीस नेणे’ म्हणतो. तड म्हणजे काठ. नदीत शिरलेल्याने पैलतीर गाठावा, ही कल्पना त्या शब्दप्रयोगात दडलेली आहे. आरंभिलेले तडीस नेण्याचा हा विचार आज मी एका धावपटूच्या आणि एका प्रेषिताच्या आधारे मांडणार आहे. धावपटू बेळगावचा आहे. प्रेषिताचे नावही बेळगावला परके नाही. १८५६ पासून चालत आलेली येथील सेंट पॉल्स ही शाळा त्याच्याच नावाची आहे.

१९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिम्पिक सामने झाले. पहिले महायुद्ध थांबून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. अशा काळात हिंदुस्थानातून एक संघ तेथवर जाऊ शकला, याचे श्रेय प्रामुख्याने सर दोराबजी टाटा यांना द्यावे लागते. ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. तेथील शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी त्यांनी पाहिले आणि या मंडळींना जगाच्या मैदानावर उभे केले पाहिजे, हा विचार त्यांच्या मनाने घेतला. अखेर सहा खेळाडूंची निवड झाली. त्यांतील मल्ल रणधीर शिंदे यांनी कुस्तीत चौथ्या क्रमांकापर्यंत मजल मारली. धावपटूंमध्ये होते बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले.

२२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन झाली. तिचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या प्रमाणित अंतराहूनही अधिक होते. आपल्या भागातील श्रोत्यांना कल्पना यावी म्हणून सांगतो : निपाणीहून बेळगावकडे निघालेल्या माणसाने संकेश्वर मागे टाकावे आणि निम्म्याहून अधिक वाट संपवावी, एवढे हे अंतर आहे. त्यातच हवा थंड आणि पावसाळी होती. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेन यांनी २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत शर्यत जिंकली. एस्टोनियाचे युरी लॉसमान त्यांच्यामागून तेरा सेकंदांच्या आत पोहोचले. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद घेतले आणि ते एकोणिसावे आले. सुरुवात करणाऱ्यांपैकी कित्येकांना अंतिम रेषा गाठताच आली नाही.

विजेता पोहोचल्यानंतर चौगुले सुमारे अठरा मिनिटे धावत होते. पदके कोणाची, याचा निकाल केव्हाच लागला होता. या अठरा मिनिटांत त्यांच्या मनात काय चालले होते, हे इतिहासाला ठाऊक नाही आणि आपणही त्याविषयी कल्पना रंगवू नये. पण ते थांबले नाहीत, एवढे निकालपत्रकावरून निश्चित कळते. ऑलिम्पिक मॅरेथॉन पूर्ण करणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले, ते त्या अठरा मिनिटांमुळे. मध्येच थांबले असते, तर त्यांच्या नावापुढे वेळेचा आकडा उमटलाच नसता.

आता प्रेषित पौलाकडे वळू. करिंथ नगरात त्याने बराच काळ वास्तव्य केले. त्या नगराजवळ इस्थमस येथे दर दोन वर्षांनी मोठे क्रीडोत्सव भरत. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो धावणे, मुष्टियुद्ध आणि खेळाडूचा संयम यांचे दाखले देतो, ते वाचकांच्या रोजच्या ओळखीचे होते म्हणूनच. विजेत्याला मिळणारा पानांचा मुकुट सुकून जातो, आपण ज्यासाठी झटतो तो सुकणारा नाही, असा त्याचा मथितार्थ आहे. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, मरण समोर दिसत असताना, तो पुन्हा त्याच उपमेकडे येतो. तेथे तो आपण पहिले आल्याचे सांगत नाही. आपली धाव संपली आणि विश्वास राखला, एवढेच त्याचे निवेदन आहे. कारावास, मारहाण आणि जहाजफुटी सोसलेल्या माणसाच्या आयुष्याचा हिशेब असा एका क्रियापदावर येऊन थांबतो : पूर्ण करणे.

खेळाच्या आधुनिक इतिहासातही या उपमेचा पडसाद उमटला. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी तेथील सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये अमेरिकन बिशप एथेलबर्ट टॅलबट यांनी प्रवचन केले. पौलाच्या याच दाखल्याचा आधार घेऊन, शर्यत आणि पारितोषिक यांपेक्षा खेळ मोठे आहेत, असा विचार त्यांनी मांडला. ऑलिम्पिक चळवळीचे प्रवर्तक कुबेर्तँ यांनी तो उचलून धरला आणि जगभर नेला.

या सगळ्यातून चौगुले यांना ख्रिस्ती परंपरेत ओढण्याचा माझा मुळीच हेतू नाही. उपमा पौलाची आहे, धाव चौगुल्यांची आहे. ती उपमा खरी आहे म्हणूनच ती पंथाची सीमा ओलांडून बेळगावच्या धावपटूलाही लागू पडते.

तथापि, प्रत्येक धाव एकाच माणसाच्या पायांनी पुरी होते असे नाही. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावला आले. पुढे बेनन त्यांना येऊन मिळाले. त्यांचे नाव बेननस्मिथ हायस्कूलच्या रूपाने गावात राहिले आहे. १९०४ मध्ये हे कार्य अमेरिकन मेथडिस्ट मंडळींच्या हाती आले. पहिले थकले तेथून दुसऱ्यांनी पुढे नेले. मराठी साहित्यात याचे सर्वांत हृद्य उदाहरण ‘ख्रिस्तायन’ होय. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हे महाकाव्य आरंभिले. मोजके अध्याय लिहून झाले आणि १९१९ मध्ये त्यांचे देहावसान झाले. ज्यांना शाळेचे शिक्षण लाभले नव्हते त्या लक्ष्मीबाईंनी पतीचे अपुरे काव्य हाती घेतले आणि त्यात तब्बल ६४ अध्यायांची भर घातली. आरंभ करणारा प्रतिभावंत होता, यात शंका नाही; पण ग्रंथ ग्रंथरूपाने आपल्यापुढे आला तो लक्ष्मीबाईंच्या चिकाटीमुळे.

शाळेसाठी या इतिहासाचा अर्थ काय? आपल्या दिवाणखान्यांतील आणि शाळांतील फलकांवर पहिल्या आलेल्यांची नावे असतात, आणि ती असावीत. परंतु सीमाभागातील शाळांचा पट पाहिला, तर पहिली पायरी चढून मध्येच गळालेल्या मुलामुलींची संख्या आपल्याला अस्वस्थ करते. कोणाला शेतीच्या हंगामाने, कोणाला घरच्या विवंचनेने, कोणाला भाषेच्या माध्यमाच्या ओढाताणीने थांबविले. त्यांना आरंभशूर म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळांना वाटेत पाण्याचा पेला देणारे कोणी भेटले नाही, एवढाच त्यांचा दोष.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आणखी एक चित्र आहे. धावणाऱ्याभोवती साक्षीदारांचा मोठा समुदाय दाटलेला आहे, आणि ते सारे स्वतः ही धाव धावून गेलेले आहेत. माजी विद्यार्थ्यांचे स्थान मला तेथे दिसते. आपण येथून धावून गेलात. आज जो विद्यार्थी अठराव्या, एकोणिसाव्या स्थानावर एकटा धावतो आहे, त्याच्यासाठी रस्त्याच्या कडेला उभे राहणे आपल्या हाती आहे. एखाद्याची फी भरणे, एखाद्याला संध्याकाळी तासभर शिकविणे, शाळा सोडलेल्याच्या घरी जाऊन विचारपूस करणे, ही कामे लहान आहेत. आपल्यापैकी प्रत्येकाने यंदा असे एक नाव निवडावे आणि त्याची धाव पुरी होईपर्यंत त्याची साथ सोडू नये, एवढी विनंती करून मी माझे व्याख्यान पूर्ण करतो.