लोणी, दूध आणि किरणांचा हिशेब

तिवशाच्या बाजारांत लोणी घेणारा गृहस्थ तें हुंगतो, किंचित् जिभेस लावून पाहतो आणि मगच भाव करितो. किरणोत्सर्गापुढें ही पारख लुळी पडते. २६ एप्रिल १९८६ रोजीं सोव्हिएट संघांतील चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. पुढें आयर्लंडहून मुंबईस आलेल्या लोण्याविषयीं शंका निघून प्रकरण न्यायालयांत गेलें. १९८८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तज्ज्ञांच्या समितीचें मत घेऊन तें निर्धोक ठरविलें. घुसळतांना दुधांतील सीझियम बहुतेक ताकांतच राहतें, हें ऐकून गृहिणींस नवल वाटेल.

लोण्याचा गोळा यंत्रापुढें केव्हांही ठेवितां येतो. माणसाचा हिशेब इतका सोपा नाहीं. चेर्नोबिलनजीकच्या प्रिप्यात शहरांतील सुमारें ४९ हजार रहिवासी दुसऱ्या दिवशीं दुपारीं हलविण्यांत आले. तेथें मुख्य धोका आयोडिन-१३१ चा होता. हें द्रव्य गवतावर पडतें, गाईच्या दुधांत उतरतें आणि मुलाच्या गळ्यांतील थायरॉइड ग्रंथींत सांठतें. मात्र दर आठ दिवसांनीं निम्में होतें. म्हणून कांहीं आठवड्यांच्या आंतच गळ्याशीं यंत्र धरून मोजणें भाग असतें. मे-जून १९८६ मध्यें साडेतीन लाखांच्या आसपास लोकांचे गळे असे तपासले गेले. उरलेल्यांचा अंदाज कोण कोठें होता, कोणत्या गाईचें दूध किती प्याला, एवढ्यावरूनच बांधावा लागला. इंग्लंडांत विंडस्केल येथें १९५७ सालीं आग लागली, तेव्हां सुमारें ५०० चौरस किलोमीटर मुलुखांतील दूध ओतून देण्यांत आलें होतें. तो धडा २९ वर्षांचा जुना असूनही चेर्नोबिलच्या भोंवतालीं अनेक खेड्यांत दूध पिणें चालूच राहिलें. त्या वेळीं लहान असलेल्यांत २००५ पर्यंत थायरॉइड-कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रोगी आढळले.

जपानांत ११ मार्च २०११ रोजीं भूकंप व समुद्राची लाट आली आणि फुकुशिमाच्या अणुभट्ट्या बिघडल्या. त्या महिन्याअखेर केवळ १,०८० मुलांचे गळे तपासले गेले. मग प्रांतांतील सुमारें २० लाख रहिवाशांकडे छापील पत्रकें धाडण्यांत आलीं: पहिल्या चार महिन्यांत तुम्ही कोणत्या दिवशीं कोठें होतां, घरांत किती वेळ, बाहेर किती वेळ? घरदार सोडून पळालेल्या माणसानें हें तासातासानें आठवावें, ही अपेक्षा जरा जडच होती. चौथ्या हिश्शाहून थोड्या अधिक लोकांनींच तें पत्रक भरून पाठविलें.